दार नसलेली गॅलरी

मी गॅलरी बोलतेय. अहो, इकडे नाही, वर बघा! दुसरा मजला, उजवा कोपरा. लोखंडी कठडा, खाली दगडी कंगोरे, कठड्याच्या चारी कोपऱ्यांवर चार लोखंडी गोंडे. आहे की नाही देखणी? आता माझ्याकडे यायचं दार शोधा. शोधा, शोधा. भलेभले थकलेत.

सापडणार नाही, कारण दार नाहीच. माझ्यामागे कोरी भिंत आहे आणि भिंतीत खानावळीचं धुराडं. चाळीस वर्षं मी हवेत लटकून उभी आहे आणि माझ्यावर येऊन बसतात ती फक्त कबुतरं. त्यांचं काय कौतुक सांगायचं! येणार, घाण करणार, जाणार.

आमची गल्ली आधी नीट समजून घ्या. इथे पाच भाषांत भांडणं होतात आणि एका भाषेत जेवण होतं. बेकरीवाल्याच्या आजोबांनी समुद्रापलीकडून येताना निळ्या फरशा आणल्या, त्या घराच्या तोंडावर बसवल्या. समोरच्या शिंप्याच्या खिडक्या टोकदार कमानीच्या. त्याच्या शेजारचं घर सगळं लाकडी जाळीचं, आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही नाही. त्या घरातल्या काकूंना गल्लीतली प्रत्येक बातमी आधी कशी कळते, हे आता तुम्हाला कळलं असेल. सकाळी पावाचा वास, दुपारी भाजलेल्या माशांचा, आणि दिवसभर माझ्या पाठीला सूपची ऊब. ही ऊब खाली खानावळ चालवणाऱ्या मालकीणबाईंची. त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणते.

खाली खानावळ चालू ठेवून मावशींनी हे घर बांधायला घेतलं तेव्हा दोन मिस्त्री लावले. एक आतलं काम बघणारे, एक बाहेरचं. दोघे दोन मुलखांतले, दोन भाषांचे. पण दोस्ती अशी की एका ताटात जेवायचे. पुढे दोघांनी मिळून धंदा करायचा हेही ठरलं होतं. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी यायची, बाकीचं काम बोटांनी व्हायचं. नकाशावर बोट ठेवायचं, मान हलवायची, की झालं.

तो नकाशा पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर काढलेला. मावशींनी तो पिठाच्या खळीने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला होता. पहिल्या आठवड्यात आतल्या मिस्त्रींनी तो बघून, रस्त्यावरून पाहता डाव्या हाताला येईल असं दार काढलं. मग एके दिवशी सूप उतू गेलं, वाफेनं खळ सुटली आणि कागद खाली पडला. मावशींच्या एका हातात सूप ढवळायचा डाव. दुसऱ्या हाताने त्यांनी कागद उचलला आणि थापला परत दारावर. उलटा! मागची बाजू पुढे! त्यावरची अक्षरंही उलटी झाली, पण त्या लिपीतलं दोघा मिस्त्रींना ओ की ठो कळत नव्हतं. न वाचता येणारं अक्षर उलटं काय नि सुलटं काय! दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या मिस्त्रींनी तोच कागद बघून गॅलरी उजवीकडे बांधली. ती मी.

परांची उतरली आणि गल्लीत हशा पिकला. डावीकडे दार, त्याच्या बाहेर नुसती हवा. मावशींचा भाऊ घर बघायला आला आणि मोठ्या रुबाबात "बघू तरी गॅलरी" म्हणत तिथून बाहेर पाऊल टाकणार होता. शर्टाची कॉलर धरून मागे ओढला म्हणून वाचला. त्या दाराची मग खिडकी केली.

मावशी कडाडल्या. भर गल्लीत बाहेरच्या मिस्त्रींना म्हणाल्या, "डोळे आहेत की बटणं?" आतले मिस्त्रीही म्हणाले, "माझं दार बरोबर आहे, यानेच घोळ घातला." बाहेरचे मिस्त्री म्हणत राहिले, "नकाशा आणा, नकाशात बघा." मावशी नकाशा आणायला आत गेल्या. तिथे त्यांना कळलं कागद कसा लागलाय ते. आणि त्यांनी काय करावं? कागद चुलीत घातला! बाहेर येऊन म्हणाल्या, "सापडत नाही."

मला कसं ठाऊक? अहो, मावशी चुलीशी एकट्याच बोलतात, आणि धुराड्यातून सगळं वर येतं. "उलटा लावला गं बाई मी, उलटा लावला." पहिल्या वर्षी रोज. पुढे आठवड्यातून एकदा. पण चाळीस वर्षांत थांबलं नाही.

बाहेरचे मिस्त्री त्याच दिवशी थापी-ओळंबा उचलून गेले. गल्लीत पुन्हा त्यांना कुणी काम दिलं नाही. आतले मिस्त्री इथेच राहिले. कुणी विषय काढला की म्हणायचे, "चूक त्याचीच." आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "पण त्याच्यासारखा हात नाही हो कुणाचा."

माझं मात्र नशीब हळूहळू फळफळलं. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला माझी दया आली. त्याने शिडीवरूनच हात लांबवून माझ्यामागच्या भिंतीवर एक दार रंगवलं. अर्धं उघडं, पितळी कडीचं. इतकं खरं की शेजारची मांजर धावत आली ती सरळ दारातून आत शिरायला, आणि धाडकन कपाळ आपटून घेतलं. दोन दिवस माझ्याकडे रागाने बघत होती. जसं काही मी रंगवलं!

मग आली गाईडताई. दर शनिवारी वीस-पंचवीस माणसं घेऊन गल्ली दाखवते. निळ्या फरशा, कमानी, लाकडी जाळी, भिंतीवरची चित्रं, मग मी, आणि शेवटी मावशींकडे सूप-पाव. माझ्याखाली उभी राहून ती डोळ्यांत पाणी आणून सांगते, "या गॅलरीत एक खलाशाची बायको उभी राहायची. तो परत आला नाही, म्हणून तिने दार कायमचं चिणून घेतलं." बायका हुंदके देतात. कबुतरं मान वळवून माझ्याकडे बघतात. मी काय बोलणार? प्रसिद्धी कुणाला नको असते?

तर गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी घोळक्यात एक म्हातारे गृहस्थ होते. खांद्याला कापडी पिशवी, चालताना आत लोखंड वाजत होतं. गाईडताई खलाशापर्यंत पोचली आणि ते मोठ्याने म्हणाले, "खोटं आहे. ही मी बांधली. चुकून."

बाहेरचे मिस्त्री! माझे मिस्त्री! मी ओळखलंच नाही हो. जाताना केस काळे होते.

ते तडक खानावळीच्या दाराशी गेले. "मालकीणबाई, ओळखलंत? नातीला शाळेतून सहलीला इथे आणलं होतं. घरी येऊन मला सांगते, आजोबा, एक वेडी गॅलरी बघितली. तिला काय सांगू, ती वेडी मी बांधली म्हणून? आज छिन्नी-हातोडा आणलाय. मरायच्या आधी माझी चूक मला उतरवू द्या. एवढंच मागतो."

माझ्या तर पायाखालची... म्हणजे पाय कुठले मला! मावशी पांढऱ्या पडल्या. हातातला डाव तसाच. 'नाही' म्हणावं तर कारण सांगावं लागणार. शेवटी खाली मान घालून म्हणाल्या, "तुमचं काम, तुम्ही ठरवा."

वा मावशी, वा! चाळीस वर्षं चुलीपाशी घातलेलं तुमचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं? आणि आता माझ्या गळ्यावर छिन्नी?

खानावळीची पाटी रंगवायला आणलेली पेंटरची शिडी भिंतीला लावलेलीच होती. गाईडताई आडवी आली, "आजोबा, माझी निम्मी सैर या गॅलरीवर आहे हो!" पण मिस्त्री चढले. एकेक पायरी, दम खात. कठडा ओलांडून माझ्यावर उभे राहिले.

चाळीस वर्षांत पहिलं माणूस. किती जड असतं माणूस! आणि किती बरं वाटतं! त्यांनी तोल सावरायला म्हणून रंगवलेल्या दाराची कडी धरायला हात घातला, तो भिंतीवरून घसरला. खालून पेंटर ओरडला, "रंग आहे तो, मिस्त्री!" आणि मान खाली घालून हळूच हसला, मेला.

मिस्त्रींनी छिन्नी लावली, कठड्याच्या बुडाशी, आणि पहिला घाव घातला. ठण्ण! दगडाचा कपचा उडाला, बस. मी जागची हलले नाही. दुसरा घाव उचलला तोच खालून आवाज आला.

"अरे ए! कुठे ठोकतोयस? बुडाशी भरीव आहे ती! दगड तूच तर भरलास!"

आतले मिस्त्री. हातात पावाची पिशवी, धापा टाकत.

"तू गप बस," वरून उत्तर आलं. "तूच बोट दाखवलंस माझ्याकडे. सगळ्यांसमोर."

"दाखवलं. दार माझं बरोबर होतं म्हणून दाखवलं. तू नकाशा बघितला नाहीस."

"बघितला! दहा वेळा बघितला!"

हातोडा हवेत. मी डोळे मिटले असते, असते तर. आणि तेवढ्यात मावशी रस्त्याच्या मधोमध आल्या, डावासकट.

"दोघेही गप बसा! कागद मी लावला होता. पडला आणि मी उलटा लावला. मला कळलं, तेव्हा मी तो जाळला. तुमच्यातलं कुणी चुकलं नाही. मी चुकले. आणि चाळीस वर्षं तोंड उघडलं नाही, मला लाज वाटली म्हणून. आता मारा काय मारायचं ते, पण तिला नको."

मग घोळक्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही सैरीचाच भाग आहे! एक बाई गाईडताईला म्हणाली, "किती छान बसवलंय हो."

माझ्या मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. ठेवला कसला, हातातून सुटला. ते माझ्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आतले मिस्त्री शिडी चढू लागले. सत्तरीचा माणूस, एका हातात पावाची पिशवी. कठडा ओलांडताना चप्पल खाली पडली ती बरोबर गाईडताईच्या पुढ्यात.

दोघे वर पोचले तशा मावशी पेंटरला म्हणाल्या, "शिडी काढ."

"अहो मावशी, ते वर आहेत!"

"म्हणूनच काढ. दार नाही, जिना नाही, रागावून जायला जागा नाही. बोलू देत. मी सूप टोपलीतून वर पाठवते."

आणि शिडी गेली! दोघे माझ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून. आतल्या मिस्त्रींनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कड सरळ आहे."

"सरळच असणार."

"मी चुकीचं बोललो तेव्हा."

"हं."

"रोज वाटायचं, जाऊन सांगावं. पण काय सांगणार? मला तर तेव्हा वाटायचं, चूक तुझीच."

"मलाही पुढे वाटायला लागलं, माझीच."

मग सूप आलं, पाव निघाले. एकाने पाव मोडून मोठा तुकडा दुसऱ्याला दिला. त्याने तो परत केला. त्यावरून भांडण लागलं, आणि ते इतकं रंगलं की मला कळलं, आता काही काळजी नाही. मावशी खाली दारात बसून एकट्याच रडत होत्या, पण या वेळी चुलीशी नाही, सगळ्यांदेखत.

उन्हं कलल्यावर पेंटर शिडी घेऊन आला. माझे मिस्त्री वाकून म्हणाले, "थांब रे जरा. घाई काय आहे?"

तेव्हापासून दर शनिवारी दोघे येतात. मागच्या वेळी नातीलाही आणलं होतं. माझ्या कठड्याच्या बुडाशी तो घाव अजून आहे, मिस्त्री तो भरू देत नाहीत. गाईडताईने खलाशाला रजा दिली. आता ती खरी गोष्ट सांगते, आणि लोक म्हणतात, "छे, हे काही खरं वाटत नाही." मी आता म्हातारी झाले, गंजही चढतोय, दोन माणसांचं ओझं किती दिवस पेलेन सांगता येत नाही. पेलेन तोवर पेलेन. तुम्ही आलात तर वर बघा, हात करा, सूप पिऊन जा. फक्त एक विनंती आहे. ते दोघे वर असताना कुणी भिंत फोडून मला दार करून द्यायच्या गोष्टी करू नका. दार झालं की माणूस उठून जातो.