पांढरीवरची पहिली चूल

आमच्या सावरपांढरीच्या वेशीवर गावाच्या इतिहासाचा फलक लागणार म्हटल्यावर माझ्या जिवाला चैन कुठली. पिंपळगावचा पेंटर सकाळीच शिडी लावून चढला. "हे गाव वसवलं" एवढं त्यानं झोकात रंगवलं आणि ब्रश वर धरून विचारलं, "आडनाव कुणाचं टाकू?"

"गांगुर्डे," मी म्हणाले.

"आहेर," आहेरांच्या घरचा मोतीराम आप्पा म्हणाला.

झालं. लासलगावला निघालेली कांद्याची ट्रॅक्टरं जागच्या जागी थांबली.

मी शाळा पाहिली ती बाहेरूनच जास्त, पण सासूनं सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ आहे. पहिलं गाव खाली कादवेच्या काठी होतं. पुरानं धुतलं तेव्हा लोक वर आले. त्या जुन्या जागेला आम्ही पांढरी म्हणतो. तिथं चुलीचे तीन दगड आहेत. गावातली पहिली चूल ती. चूलआई म्हणून सगळा गाव हात जोडतो. गांगुर्ड्यांच्या घरात सून आली की उंबरा ओलांडायच्या आधी तिथं नैवेद्य दाखवते. मी दाखवला, माझ्या सुनेनं, वैष्णवीनंही दाखवला.

"ज्याच्या सुना पुजतात त्याची चूल," मी आप्पाला सुनावलं. "आणि ज्याची चूल पहिली, त्याचं गाव."

"कुसावहिनी, नैवेद्य काय, वाटंवरच्या म्हसोबालाबी दावतात. आमच्या घरचा खण असतो तिथं. बापयानं सोता न्यायचा, बाईच्या हाती द्यायचा नाय. मालकीबिगर कोण करील?"

"एवढे मालक, तर दसऱ्याला का नाय नेत? पाडव्याला का नाय?"

"रीत हाय. भाऊबीजंलाच न्यायचा."

इतकी वर्षं तो खण बघून मी मनात फुगत होते, की आहेर आमच्या घराला मान देतात. कसला मान न् काय. भाऊबीजेला गडीमाणूस खण घेऊन कुणाकडं जातो?

"आप्पा, ती चूल तुमच्या बहिणीची हाय रे."

"आणि आपल्या घरातल्या पहिल्या सुनेची," वैष्णवी मागून म्हणाली.

गलका उठला. आप्पा लगेच सावरला. "म्हणजे रक्त आमचं. टाक रे, आहेर."

"थांब. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. तिची चूल पेटलेली होती, तुमचा मूळपुरुष आला जेवायला."

"आला, जेवला आन् ऱ्हायला," आप्पा हसला.

"ते दिसतंयच."

"बाईचं नाव काय पण?" पेंटरनं वरून विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मात्र मला लागलं. पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले, आणि नाव कुणी विचारलं नाही.

"लिही," मी म्हणाले, "आहेरांच्या लेकीनं, गांगुर्ड्यांच्या सुनेनं."

आप्पा चकित. "आमचं आधी?"

"बाई आधी लेकच असती. सून मागून होती."

आप्पानं पुढं होऊन शिडी धरली. वैष्णवी माझ्याकडं टकामका बघत राहिली. मी म्हणाले, "बघती काय? चहा टाक जा. चूलआईच्या माहेरची माणसं आलीत."