इथून नवं पान

समजा, तुम्ही मैत्रिणीच्या हातात एक कागद दिलात आणि म्हणालात, "मोठ्याने वाच." कागदावर गोष्ट आहे. गोष्टीच्या मधेच तुम्ही कंसात लिहून ठेवलंय, ‘इथे थांबून पाणी पी.’ शहाणी मैत्रीण थांबेल, घोटभर पाणी पिईल आणि पुढे वाचू लागेल. ऐकणाऱ्यांना त्या ओळीचा पत्ताही लागणार नाही. वेंधळी असेल तर ती ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवेल. आलं डोळ्यांसमोर?

आता मैत्रिणीच्या जागी संगणक ठेवा. पुस्तक छापण्याआधी अक्षरं पानावर नीट बसवावी लागतात, त्याला अक्षरजुळणी म्हणतात. त्यासाठी मजकूर पुष्कळदा एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहितात. त्यात प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावलेली असते : हे शीर्षक, हा परिच्छेद. आणि मजकुराच्या मधेच, टोकदार कंसात प्रश्नचिन्हं घालून, फक्त यंत्रासाठी आज्ञाही लिहिता येते. यंत्र ती पाळतं आणि गिळून टाकतं. छापलेल्या पानावर ती दिसत नाही.

टिंबूचा बाबा हे काम करायचा. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून त्यानेच तिला टिंबू म्हणायला सुरुवात केली. त्याने हाती घेतलेलं शेवटचं पुस्तक कोड्यांचं होतं. कोडी लांबलचक, जवळजवळ गोष्टीएवढी. टिंबूला धीर कमी. ती कोडं अर्धं वाचायची आणि डोळे उत्तराकडे पळायचे. म्हणून बाबाने प्रत्येक कोडं उजव्या पानावर बसवलं, आणि ते संपलं की मजकुरातच आज्ञा लिहिली, ‘इथून नवं पान’. उत्तर गेलं पाठीमागे. पान उलटल्याशिवाय दिसायचं नाही.

"आता कर चोरी," तो म्हणायचा.

पुस्तक छापायला जायच्या आधीच बाबा आजारी पडला, आणि गेला.

त्याच्या खुर्चीवर आत्या बसू लागली. तिचंही काम हेच, दोघं भावंडं एकाच ठिकाणी शिकलेली. शाळा सुटली की टिंबू छापखान्यात यायची आणि आत्याच्या मागे स्टुलावर बसायची. खिडकीला धूळ होती, बाबाचा कप अजून तिथेच होता आणि आत्या त्यात पेनं ठेवायची. त्यावरून टिंबू तिच्याशी आधीच फटकून होती.

एका दुपारी मालक दारातूनच बोलले, "बाई, कोड्यांच्या पुस्तकाची नमुना पानं पाहून शाळा म्हणतायत अक्षर बारीक आहे. वर्गात पुस्तक समोर धरलं तर मागच्या बाकावरच्या पोरांना दिसत नाही. मोठं करा."

"करते," आत्या म्हणाली. मालक गेल्यावर ती पडद्याकडे बघत पुटपुटली, "म्हणजे दादाच्या सगळ्या आज्ञा काढाव्या लागणार."

टिंबू स्टुलावरून उतरली. "का? त्या बाबाच्या आहेत."

"आहेत गं. म्हणूनच तर. हट्टी होता तुझा बाबा. मी सांगून सांगून थकले, की मजकुरात हुकूम घुसडू नकोस, नियम वेगळ्या फाइलीत ठेव. म्हणायचा, तू तुझं शहाणपण तुझ्या टेबलावर ठेव."

"बरोबरच म्हणायचा!"

"हो ना. तूही त्याच्याच वळणावर गेलीयस."

"तुला त्याचं सगळंच पुसायचंय. कप घेतलास, खुर्ची घेतलीस. आता हे."

आत्याने कळफलक पुढे ओढला. तिने अक्षर मोठं केलं, आज्ञा जशाच्या तशा ठेवल्या आणि पानं छापून टिंबूच्या हातात दिली. "वाच. पहिलंच वाच."

टिंबू वाचू लागली. ‘तू निघालास की मी निघते, तू बसलास की बसते...’ पान संपलं, पण कोडं संपलं नव्हतं. मोठ्या अक्षरात ते मावलंच नाही. तिने पान उलटलं. डाव्या पानावर कोड्याच्या उरलेल्या दोन ओळी होत्या, ‘दिवा विझला की मला शोधू नकोस, मी तिथेच असते आणि नसते.’ त्यांच्याखाली उरलेलं पान आज्ञेने कोरं सोडलं होतं. आणि समोर, उजवीकडे, ढळढळीत उत्तर : सावली.

तिला विचार करायला क्षणही मिळाला नाही. तिने दुसरं कोडं पाहिलं. मग तिसरं. जिथे बाबाने उत्तर लपवलं होतं, तिथेच ते उघडं पडलं होतं.

"बाबाच्या आज्ञा उत्तर लपवायला सांगत होत्या ना?" ती म्हणाली.

"दादा सांगत होता. आज्ञेला काय कळतंय? ती फक्त म्हणते, इथून नवं पान. अक्षर बारीक होतं तोवर जमलं." आत्या तिच्याकडे वळली. "मी उत्तराला ‘उत्तर’ अशी चिठ्ठी लावीन आणि वेगळ्या फाइलीत एकदाच लिहीन, उत्तर नेहमी पान उलटल्यावरच. मग अक्षर कितीही मोठं करा. तुझी चोरी बंदच."

"पण मग त्याने लिहिलेलं काहीच राहणार नाही."

आत्याने खोटं सांगितलं नाही. "नाही राहणार," ती म्हणाली. "या फाइलीत तरी नाही."

बाहेर यंत्र घरघरत होतं. टिंबूने छापलेली पानं दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

"सगळ्या आज्ञा एकदम जातात," आत्या हळूच म्हणाली. "एक कळ दाबली की झालं. तू बाहेर जाऊन बस हवं तर."

"एकदम नको."

टिंबूने आत्याला बाजूला व्हायला लावलं आणि ती बाबाच्या खुर्चीत चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिली आज्ञा सापडेपर्यंत ती एकेक ओळ बोटाने खाली सरकली. सापडल्यावर तिने ती एकदा वाचली. मग उजवीकडून सुरुवात करून, एकेक अक्षर खोडत, तिने ती पुसली, आणि पुढची शोधू लागली.