शेवटून तिसरे पान

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, मला हवे तिथे उघडा, फक्त शेवटून तिसरे पान नको. त्या पानाची मला लाज वाटते. का, ते आज सांगूनच टाकतो.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. निळी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरे! शेवटी विषयवार शब्दांच्या याद्या होत्या: फळे, हत्यारे, आजार, रंगरूप. रंगरूपाच्या, म्हणजे शेवटून तिसऱ्या पानावर सुंदर दिसण्याला नऊ शब्द होते आणि कुरूप दिसण्याला तेवीस. या तेविसांचा मला तेव्हा अभिमान होता.

मला एका शिंप्याने विकत घेतले. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण आपल्या दोन्ही मुलींना ते फाडफाड यावे ही त्याची हौस. घरात नियमच होता. जेवताना दोघींनी माझ्यातला एकेक नवा शब्द घेऊन वाक्य म्हणायचे. बाबा अर्थ कधी विचारत नसत. शब्द जेवढा अवघड, तेवढी शाबासकी मोठी.

धाकटीच्या गालावर मोठा डाग होता. ती रांगत असताना बाबांची गरम इस्त्री लागली होती. तेव्हापासून बाबा तिला फार जपत. उरलेल्या चांगल्या कापडाचा फ्रॉक नेहमी तिलाच मिळे आणि मोठीच्या पोटात दुखे. एकदा असाच फ्रॉक शिवून झाला, आणि मोठीने माझे ते पान उघडले.

"माय सिस्टर इज हिडिअस," ती जेवताना म्हणाली.

"वा! काय झोकात बोललीस गं!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनेही वाजवल्या.

"ताई, मलाही शिकव ना हा शब्द!"

मोठीने तो शिकवला. दुसऱ्या दिवशी 'ग्रोटेस्क', तिसऱ्या दिवशी 'रिपल्सिव्ह'. मित्रांनो, शब्द माझे होते म्हणून त्या टाळ्याही मला माझ्याच वाटल्या. हे सांगताना आज मेल्याहून मेल्यासारखे होते.

मग शाळेत प्रत्येकाने स्वतःची ओळख इंग्रजीतून करून द्यायची होती. धाकटी नवा फ्रॉक घालून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय ॲम हिडिअस." सगळा वर्ग हसला.

घरी येताच तिने मला खाली काढले. एकेका शब्दावर बोट ठेवत ती पुढचा अर्थ वाचत गेली. मला पान मिटून घेता आले नाही.

त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "बोल बाळा, आजचा शब्द?"

"हिडिअस."

"अगं, तो तर ताईचा झाला. पण म्हणजे काय गं?"

धाकटीने गालावर हात ठेवला. "हे, बाबा. किळसवाणं."

बाबांचा घास हातातच राहिला. मोठी रडत उठली आणि माझे ते पान फाडू लागली. धाकटीने तिचा हात धरला.

"फाडू नकोस ताई. परत कुणी म्हणालं, तर मला कळायला हवं."

पान वाचले, पण कोपऱ्यात अजून फाटलेले आहे. बाबा मात्र त्यानंतर आधी अर्थ विचारू लागले.

आता माझी बांधणी निखळली आहे. माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाच्या तोंडून अवघड शब्द ऐकलात, तर टाळी वाजवण्याआधी माझ्याकडे या. मी अर्थ सांगेन. सांगताना लाज वाटेल, तरी सांगेन.