पूजेला बसलेला पाना

हिंदुरावनं आवळलेला नट ढिला निघाला असं उल्हासनगरात कुणी म्हणून दाखवावं! बाकी कशाचा नाही, पण या एका गोष्टीचा त्याला भारी माज होता. राहायला बदलापुरात मांजर्लीला, गॅरेज उल्हासनगरात, आणि बोलणं अजूनही कराडकडचं. गिऱ्हाईक निघताना "पुन्हा एकदा बघता का हो?" असं चुकून बोललं, तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "बघितलंय ते बघितलंय," म्हणायचा, आणि हात पुसायला लागायचा.

अशा माणसाच्या दारात टेकचंद शेठची ती अमेरिकन गाडी येऊन उभी राहिली. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. काळी कुळकुळीत, दोन दारांची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांबरुंद की वर पापड वाळत घालावेत. चालू केली की समोरच्या फर्निचरवाल्याच्या काचा थरथरायच्या. गल्लीनं तिचं नाव ठेवलं म्हैस. शेठचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा या म्हशीत. नेवाळीला लढाईच्या काळातली विमानाची धावपट्टी ओसाड पडलेली होती. तिथं सुट्टीच्या दिवशी शौकीन लोक गाड्या पळवायचे. चुन्याच्या रेघेपर्यंत सरळ पळायचं, वळायचं नाही, आणि ज्याला ब्रेक आधी आठवला तो हरला. दसऱ्याच्या सकाळी ठाण्याच्या एका बिल्डरच्या पोराशी शेठची शर्यत ठरली होती, आणि म्हैस पळवणार होता रघु.

रघु म्हणजे हिंदुरावचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा हा एवढासा. हिंदुरावच्या बायकोनं, विठानं, त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. आता चोविशीत आला होता, आणि कानाला अशी काही जादू की गाडी नुसती ऐकून दुखणं सांगायचा. हळूहळू गिऱ्हाईकं दारात येऊन "रघु है क्या?" असं विचारू लागली. हिंदुराव हसून "आहे की" म्हणायचा. पण ते हसू गळ्याच्या खाली उतरत नव्हतं, हे विठाला दिसायचं.

शेठच्या मेहुण्यानं अमेरिकेहून चाकं पाठवली होती, खास शर्यतीची. अ‍ॅल्युमिनियमची, आरशासारखी चकचकीत. मागची दोन ही रुंद, पुढची दोन अगदी किडकिडीत. खंडेनवमीच्या सकाळी दोघा भावांनी ती बसवायला घेतली. मागची चाकं मडगार्डला घासत होती, तर आतली कड ठोकून दुमडली. नट भोकात खोल जाऊन बसणारे, तिथं आपला नेहमीचा पाना शिरेना. हिंदुरावनं एक पाना लेथवर बाहेरून सोलून पातळ करून आणला होता. तेवढा एकच त्या नटांना लागायचा. त्यानं स्वतःच्या हातानं, वर पाय देऊन, सगळे नट आवळले.

शेठ पानाची पिंक टाकून म्हणाला, "हिंदुराव, मेहुणा फोन पे बोलता था, नया चक्का है. एक चक्कर मारके नट फिरसे कसना."

"कपडा विकायचा तुम्ही, नट मी बघतो," हिंदुराव म्हणाला. शेठ हसला, पण रघु हसला नाही.

दुपारी पूजा झाली. पाने, जॅक, हातोडे, सगळं रॉकेलनं धुऊन पुसून फळीवर मांडलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पातळ पाना सगळ्यांच्या मधोमध. वडिलांचा नेम असा की एकदा हत्यारं पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून येईस्तोवर उठवायची नाहीत. म्हशीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवली. रघुनं ती चिरडत गाडी बाहेर काढली आणि अंबरनाथवरून थेट बदलापूर गावापर्यंत जाऊन परत आला. वाटेत पोरं टाळ्या पिटत होती म्हणे. खाली उतरला तेव्हा तोंडावरचा आनंद झाकता झाकत नव्हता.

"दादा, एकदा पाना फिरवून घेऊ दे," तो म्हणाला. "नवी चाकं आहेत. बसली असतील थोडी."

गॅरेजात पाच-दहा जण जमले होते, शेठही होता. हिंदुरावनं मागच्या चाकावर हात ठेवला. ते कोमट झालं होतं. आता ठाऊक नव्हतं असं नाही हो! अ‍ॅल्युमिनियम मऊ, तापलं की दबतं आणि नट सैल होतो, हे त्यानंच रघुला कधीतरी शिकवलं होतं. पण चार माणसांसमोर धाकट्यानं म्हणावं की पुन्हा आवळ? म्हणजे मी आवळलं ते काय होतं?

"हत्यारं पूजेला बसलीत," तो म्हणाला. "देवाला उठवून नट आवळायचे का?"

"एकच पाना, दादा. मी पाया पडून उचलतो."

"बाबांचा नेम मोडायचा असला तर मोड. मला विचारू नकोस."

झालं. आता दादानं असं म्हटल्यावर रघु काय करणार? जन्मात त्यानं दादाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यानं नटांवरून नुसती बोटं फिरवली आणि हात धुवायला गेला.

दसऱ्याला सकाळी नेवाळीला ही गर्दी! रघु गाडीत बसण्याआधी दादाच्या पाया पडला. हिंदुरावनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या क्षणाला त्याला वाटलं, थांब म्हणावं. गॅरेज काही लांब नव्हतं, पाना आणून नट आवळून शर्यत जरा उशिरा झाली असती तर कुणाचं काय जाणार होतं? तोंड उघडलंसुद्धा त्यानं. तेवढ्यात शेठ ओरडला, "चलो चलो!" आणि हिंदुरावनं तोंड मिटलं.

रुमाल पडला. म्हैस अशी सुटली की बिल्डरच्या पोराची गाडी जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. अर्ध्या पट्टीवर रघु सरळ पुढं होता. मग डावं मागचं चाक निघालं आणि एकटंच उड्या मारत पुढं धावत सुटलं. लोक आधी हसले. खरंच सांगतो, हसले! चाक सगळ्यांच्या आधी चुन्याची रेघ ओलांडून गवतात जाऊन पडलं. तोवर मागं गाडी कलंडून उलटीपालटी झाली होती, आणि हसणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

रघुचा जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

लोक काय, बोलणारच. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अमेरिकेचा मालच खोटा. शुद्धीवर आल्यावर रघुनं शेठला सांगितलं, "मेरी गलती, शेठ. स्टिअरिंग हल गया." हिंदुराव खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तो गप्प राहिला.

विठा मात्र गप्प राहिली नाही. दवाखान्याच्या पडवीत तिनं त्याला गाठलं.

"गेल्या खंडेनवमीला माझ्या भावाचा टेम्पो बंद पडला होता," ती म्हणाली. "तेव्हा पूजेतला जॅक कुणी उचलला हो? तुम्हीच ना? काम हीच पूजा, असं म्हणाला होतात."

हिंदुराव उगाच हात पुसायला लागला.

"नेम नव्हता तो. देवाच्या आड लपलात तुम्ही," एवढं बोलून ती पोराजवळ जाऊन बसली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि हिंदुरावला ते जास्त जड गेलं.

तो पातळ पाना नदीत टाकायला म्हणून हिंदुराव एकदा मांजर्लीच्या काठावर गेला होता. टाकवेना. आपण केलेलं पाण्यात टाकून मोकळं व्हायचं, हेही त्याला पटेना. परत आणून त्यानं तो खिळ्याला अडकवला. रघु कुबडी घेऊन पुन्हा गॅरेजात यायला लागला. टेबलाशी बसून कार्ब्युरेटर उघडायचा. दर खंडेनवमीला फळीवर सगळ्यात आधी तो पाना ठेवायचा आणि त्याला कुंकू लावायचा. का, ते हिंदुरावनं विचारलं नाही. त्याची छातीच होत नव्हती.

अशी सात-आठ वर्षं गेली. एका खंडेनवमीला पूजा नुकतीच आटोपली होती आणि एक पांढरी अ‍ॅम्बॅसिडर फरपटत दारात आली. पंक्चर. आत बाईमाणसं, लेकरं. ड्रायव्हर म्हणाला, "स्टेपनी आहे, पाना तेवढा नाही. लावून देता का?"

"आज हत्यारं पूजेला..." हिंदुरावच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि शब्द तिथंच अडकले.

मागं कुबडीचा आवाज झाला. रघुनं फळीवरून चाकाचा पाना उचलला, त्यावरची फुलं अलगद बाजूला ठेवली आणि पाना दादापुढं धरला.

"घे," तो म्हणाला. "देव काही म्हणत नाही, दादा. तेव्हाही म्हणाला नसता."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवसापासून. हिंदुरावला वाटलं, यापेक्षा त्यानं चारचौघांत शिवी घातली असती तर बरं झालं असतं. पाना दोन्ही हातांनी घेतला. त्यानं चाक बदललं, नट आवळले, पुन्हा आवळले. तळहात कुंकवानं लाल झाला.

"मटका चौकापर्यंत जा आणि परत या," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मी पुन्हा एकदा आवळून देतो."

"अहो, लोखंडी चाक आहे! काय होतंय त्याला?"

"या हो परत. हात जोडतो."

ड्रायव्हर हसला, बरं म्हणाला आणि गेला. हिंदुराव पाना घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. अंबरनाथकडनं येणारी प्रत्येक पांढरी गाडी वाकून बघत होता. ऊन उतरलं, दुकानांतले दिवे लागले. ती गाडी काही परत आली नाही. शेवटी रघु कुबडी टेकत त्याच्याजवळ आला.

"चल दादा," तो म्हणाला. "नीट आवळलेत तू. मी बघत होतो."

हिंदुरावनं मान हलवली, पण तो तिथून हलला नाही.