फुगलेलं पोट

उर्से गावच्या सीतारामच्या पोल्ट्रीत जुन्या कोंबड्यांची पोटं फुगायला लागली, तेव्हा त्याच्या बायकोला, रेणुकाला, दिवस गेले होते. निदान घरात सगळे तसं समजत होते. पाळी थांबलेली, पोट वर आलेलं. मागच्या खेपेला सोनोग्राफी केली नि आठवड्यातच पोट पडलं, म्हणून सासू नंदाबाईनं या वेळी दवाखान्याचं नावच काढू दिलं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आत्ता कुठं नंदाबाई सुनेला आपल्या हातानं वाढायला लागली होती. दोन घासांतच रेणुकाचं पोट डब्ब व्हायचं, तरी ती खायची.

फुगलेल्या कोंबड्या अंडी देईनात. सीतारामनं जनावरांचे डॉक्टर बोलावले. त्यांनी शेडबाहेर एक मेलेली कोंबडी चिरली. पिवळं पाणी भळाभळा फरशीवर सांडलं. आतड्यांवर साबुदाणा चिकटावा तसे पांढरे दाणे होते.

"अंडाशयाचा कॅन्सर," डॉक्टर म्हणाले. "अंड्यावरच्या कोंबड्यांना वय झालं की होतो. मग पोटभर पसरतो."

"बाकीच्यांना लागंल का?" सीतारामनं विचारलं.

"नाही. हा लागट नाही."

रेणुका दारात उभी होती. "डॉक्टर, बायांना होतो का हा?"

"होतो."

"पोट असंच येतं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग सीतारामकडे. "यांना उद्याच तपासून घ्या."

"पोटुशी हाय ती," नंदाबाई म्हणाली. "माज्या सुनेची कोंबडीशी बरुबरी लावताय व्हय?"

रेणुकानं पोटावर हात ठेवला. "आत्याबाई, ते अजून एकदाबी हललं न्हाई."

तळेगावला तपासलं. पोटात मूल नव्हतं. गाठी यकृतापर्यंत गेल्या होत्या. सीताराम दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. घरी आल्यावर नंदाबाईनं रेणुकाच्या भावाला, संदेशला, फोन लावला.

"तुमची भन घिऊन जावा. येवढे दिस फशिवलं तिनं आमाला."

"मी कुणाला फशिवलं?" रेणुका म्हणाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सीताराम शेडमध्ये निघून गेला.

संदेश घोरावाडीहून गाडी घेऊन आला. तिला उचलूनच बसवावं लागलं. नंदाबाई उंबऱ्याबाहेर आली नाही.

दिवाळीच्या आधी रेणुका माहेरीच वारली. सीताराम मातीला आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला नि तसाच परतला.

लग्नसराईत नंदाबाईनं त्याच्यासाठी मुलगी पाहिली. पोह्याच्या बशा आल्या. मुलगी समोर बसलेली असताना नंदाबाईनं तिच्या आईला विचारलं, "पाळी येळेवर येती न्हवं हिला?"

सीताराम मान खाली घालून पोहे खात राहिला.