जस्ताचा बिल्ला

ऑक्टोबरातल्या एका सकाळी साल्दुस गावाजवळच्या जंगलात गुनवाल्दिसच्या मेटल डिटेक्टरने शीळ घातली. हातभर खणल्यावर आधी बूट लागला, मग बुटातलं हाड, आणि थोडं वर, बरगड्यांपाशी, पांढुरक्या खपल्यांनी मढलेला एक चपटा तुकडा. सैनिकाच्या गळ्यातला बिल्ला!

नियम त्याला पाठ होता. हाड दिसलं की हात थांबवायचा आणि सैनिकांचे अवशेष शोधणाऱ्या टालिसच्या पथकाला कळवायचं. त्याने खड्ड्यावर शेवाळ पसरलं, झाडाला चिंधी बांधली. बिल्ला मात्र खिशात घातला.

कारण होती शेजारची हेर्मीने. तिचा थोरला भाऊ विस्वाल्दिस महायुद्धात, चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, याच भागात लढायला गेला, तो गेलाच. पंचावन्न वर्षं झाली. त्याच्या शेवटच्या पत्रात बिल्ल्यावरचा नंबर होता. ही बातमी आपणच तिला द्यायची, असं गुनवाल्दिसने मनाशी धरलं.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये विजेने गंज काढायची त्याची बादली तयारच असे. पाण्यात धुण्याचा सोडा, एका बाजूला लोखंडी पत्रा, त्याला बॅटरी चार्जरची एक तार, दुसरी तार वस्तूला. गंजून गोळा झालेले नांगराचे फाळ, घोड्यांचे नाल या बादलीतून ओळखू येण्याजोगे होऊन निघत. बिल्ला बुडवताना नंबरातला पहिला आकडा त्याला दिसल्यासारखा वाटला. तीन असेल, आठही असेल. साफ झाल्यावर वाचूच, म्हणून त्याने तो लिहून ठेवला नाही.

बुडबुडे उठू लागले. तो जेवून आला, तेव्हा तारेला करंगळीच्या नखाएवढी जाळी लोंबत होती. बादलीच्या तळाशी राखेसारखा गाळ बसला होता.

दुपारी निरोप मिळून टालिस आला. त्याने ती जाळी तळहातावर घेतली.

"लोखंड नव्हतं हे गुनवाल्दिस, जस्त होतं. आतला धातू केव्हाच खाल्ला गेला होता. आकडे होते ते त्या खपल्यांत. कोरडा ब्रश आणि तिरपा उजेड, एवढंच पुरलं असतं."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं!" टालिस ओरडला. "एका माणसाचं नाव बादलीत ओतलंस तू!"

मग गुनवाल्दिस स्वतःच हेर्मीनेकडे गेला. ती बीट सोलत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने लाल झालेले हात पुसले आणि कपाटातून पत्र काढलं.

"बघ, नंबर तीनने सुरू होतो. तुला तीन दिसला ना?"

"मावशी, तीन असेल, आठ असेल."

"अरे, पण आधी तीनच वाटला ना तुला?"

एक शब्द पुरला असता. तो ओठांवर आलाही.

"मला माहीत नाही, मावशी."

"एवढं तरी दे मला पोरा. मी आता अठ्ठ्याहत्तरची आहे."

"खोटं कसं सांगू? तो दुसऱ्या कुणाचा भाऊ असेल तर?"

तिने पत्राची घडी घातली. "जा तू," म्हणाली.

पथकाला हाडं पुरी मिळाली. विशीतला, मध्यम उंचीचा मुलगा, एवढंच टालिस सांगू शकला. विस्वाल्दिस तसाच होता. तसे हजारो होते. नोव्हेंबरात त्या मुलाला सैनिकांच्या दफनभूमीत 'अज्ञात' म्हणून पुरलं. हेर्मीने आली होती. रिवाजाप्रमाणे तिने तीन मुठी वाळू टाकली, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली. कुठलं नाव घेतलं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

परतताना वाट निसरडी झाली होती. गुनवाल्दिसने हात पुढे केला. तिने तो पाहिला, आणि टालिसच्या बायकोचा दंड धरून ती फाटकाकडे गेली.