वीस काठ्यांवरची विहीर

चटईवर काढून ठेवलेल्या वस्तू अशा होत्या: किल्ल्यांचे जुडगे दोन, घड्याळं दोन, मोबाइल दोन, पवित्राच्या जीन्सचा पट्टा एक, केसांतले आकडे सात आणि वसुमतीअक्कांच्या बांगडीला लटकणाऱ्या सेफ्टी पिना अकरा. पवित्राने ते सगळं दोनदा मोजलं आणि चटई पार कुंपणापर्यंत ओढत नेली. मॅग्नेटोमीटर जमिनीखालचं चुंबकत्व मोजतो, आणि अंगावरचं लोखंड त्याला जमिनीतलंच वाटतं.

"अकरा पिना कशाला लागतात हो अक्का?"

"लग्नाकार्यात कुणाचा पदर सुटला की सगळ्या माझ्याकडेच धावतात. तू लग्न कर, मग कळेल."

"मी ड्रेस घालीन."

"मग बारावी पिन पण आणीन," अक्का म्हणाल्या.

देवनहळ्ळीच्या अलीकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत द्राक्षाचा मळा होता, तिथे आता प्लॉट पडले होते. कोपऱ्यात एक वीरगळ तेवढा उभा होता. त्याच्यावरच्या चार ओळी अक्कांनी ऐन तिशीत वाचल्या होत्या: लढाईत पडलेल्या वीराच्या भावाने इथून पूर्वेला वीस काठ्यांवर विहीर खणली. विहीर कुठेच दिसत नव्हती. ती बुजली असणार. प्रश्न इतकाच होता, की काठी केवढी?

या काठीवरून अक्कांच्या घरात तीस वर्षं भांडण चालू होतं. अक्का शिलालेख वाचणाऱ्या. त्यांच्या हिशेबाने काठी अठरा वितींची, म्हणजे विहीर एक्याऐंशी मीटरवर. त्यांचे यजमान पुरुषोत्तमकाका गणिताचे प्राध्यापक. त्यांनी तालुक्यातल्या जुन्या तळ्यांची, देवळांची, दगडांची आपसातली अंतरं घेतली आणि त्या सगळ्यांना जवळजवळ पूर्ण भाग जाईल अशी लांबी शोधून काढली. त्यांची काठी थोडी आखूड होती, आणि विहीर शहात्तर मीटरवर. दोघांचा मिळून लिहायचा लेख या पाच मीटरांत अडकून पडला होता.

पवित्रा निपाणीची. भूभौतिकी शिकायला बेंगळुरूत आली आणि अक्कांच्या यशवंतपूरच्या घरात वरच्या खोलीत राहिली. पहिल्या महिन्यात ती तापाने पडली तेव्हा अक्कांनी तिला चमच्याने पेज भरवली होती, आणि काकांनी उशाशी बसून, करमणूक म्हणून, मूळ संख्या अनंत असतात हे सिद्ध करून दाखवलं होतं. पुढे ते भांडण तिच्याही कानांवर रोज पडू लागलं. विभागातून यंत्र एका दिवसासाठी मागून आणायची कल्पना तिचीच.

एकच दिवस होता, आणि त्याच पट्ट्यावरून लेआउटचा रस्ता जाणार होता. लेआउटचा इंजिनियर महांतेश बैलहोंगलचा, मनाने चांगला, पण त्याच्या हातात फार नव्हतं.

"मॅडम, काँक्रीटची गाडी दोनला येणार," तो सकाळीच म्हणाला होता. "रस्त्यात मी एक गोल सोडतो, पाच मीटरचा. झाडासाठी सोडला म्हणून सांगतो वर. पण एकच हं. दोन सोडले तर माझीच विहीर करतील."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "एकच पुरे."

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काका घरीच होते. निघताना त्यांनी बजावलं होतं, "जो हरेल त्याने आज खिचडी टाकायची. पवित्रा, तू साक्षीदार."

वेळ थोडा म्हणून पवित्राने दूरच्या टोकापासून, नव्वद मीटरपासून, अलीकडे यायला सुरुवात केली. मीटरमीटरावर रेषा आणि रेषेवर मीटरमीटरावर आकडा. बुजवलेली विहीर असेल तर आतली विटांची, राखेची माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस ते चाळीस नॅनोटेस्लांचा फरक दाखवेल. काही नसेल तर फरक चार-पाचांच्या वर जायचा नाही. पहिल्या कितीतरी रेषा तशाच कोऱ्या गेल्या. डोक्यावरून विमानं उतरत होती, ऊन चढत होतं. अक्का बरोबर एक्याऐंशीच्या खुंटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, पाहुण्याची वाट पाहत दारात उभं राहावं तशा.

ब्याऐंशीला आकडा चढला. एक्याऐंशीला छत्तीस. ऐंशीला उतरू लागला.

"अक्का!" पवित्रा ओरडली. "अक्का, छत्तीस!"

अक्कांनी खाली वाकून जमिनीला हात लावला. मग जवळजवळ पळतच चटईकडे गेल्या आणि फोन स्पीकरवर लावला. पवित्राही मागोमाग आली.

"मग मुगाची डाळ कुठे ठेवली आहेस ते सांग," काका म्हणाले. आवाज एवढा आनंदी होता की पवित्राला कळेना, हरलं कोण. "तीस वर्षं तुला छळलं मी. आता लेखात तुझं नाव पहिलं."

अक्का महांतेशच्या पत्र्याच्या शेडकडे निघाल्या, गोल कुठे आखायचा ते सांगायला. सापडलंच आहे म्हटल्यावर पुढच्या रेषा कशाला, असं पवित्रालाही वाटलं. पण शेवटी एक आकडा पुन्हा घ्यायचा ही तिची सवय होती. ती एक्याऐंशीच्या खुंटीवर गेली.

दोन.

तिने यंत्र तपासलं, पुन्हा घेतला. दोनच. ऊन मानेवर चटकन लागलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघाशी इथे ते लागलं नव्हतं. तिने वर पाहिलं. दूर शेडच्या वाटेवर अक्का चालल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर काकांची जुनी, पोलादी काड्यांची काळी छत्री होती. पवित्रा जवळ आली की प्रत्येक वेळी त्यांनी ती आपल्या डोक्यावरची काढून हिच्यावर धरली होती. चटईवर ठेवलेलं सगळं तिने मोजलं होतं. हातातलं मोजलं नव्हतं.

शेडपाशी महांतेश चुन्याची फक्की घेऊन उठत होता. काका डाळ शोधत असतील. गप्प राहिलं तर अक्का आयुष्यभर खूश राहतील, आणि विहीर, असलीच तर, दोननंतर काँक्रीटखाली जाईल.

ती धावली.

"अक्का, थांबा. ती विहीर नाही. ती छत्री आहे."

अक्कांनी छत्रीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. चेहरा उतरला तो त्यांनी लपवला नाही.

"तुला ऊन लागेल म्हणून गं धरली," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे." पवित्रा म्हणाली. "चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं."

"अशी सावली करू नये शास्त्रज्ञांना," महांतेश म्हणाला, आणि घड्याळ बघून, "बारा वाजलेत. होतंय का अजून काही?"

अक्कांनी छत्री मिटली. "सहा-सातच रेषा राहिल्या आहेत ना? घे मोजून."

"त्या काकांच्या बाजूच्या आहेत."

"मला दिसतं," अक्का म्हणाल्या. "विहीर आधी, मी नंतर. जा."

छत्री बगलेत धरून त्या कुंपणाकडे गेल्या आणि ती पिनांशेजारी ठेवून चटईवर बसल्या. पदर डोक्यावर घेतला. पवित्रा एकटीच उन्हात रेषा चालली. त्र्याहत्तरपर्यंत आल्यावर ती परत फिरली आणि सगळ्या रेषा उलट दिशेने पुन्हा घेतल्या. मग महांतेशला हाक मारून फक्की पाडून घेतली, गोल नीट आहे ना ते टेपने पाहिलं, आणि कागद अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी तो सावकाश वाचला. मग फोन उचलला.

"डाळ भिजवली मी," काका म्हणाले.

"राहू दे ती. खिचडी मी टाकते. आता लिहून घ्या," अक्का म्हणाल्या, आणि एकेक आकडा स्वच्छ उच्चारत वाचू लागल्या. "केंद्र वीरगळापासून पूर्वेला शहात्तर मीटर वीस सेंटिमीटर. सर्वांत मोठा फरक एकतीस नॅनोटेस्ला. पुन्हा मोजला तेव्हा तीस."